साउंड चेकला वाजवलेल्या टाळ्या

नालासोपारा (प.)
ऑक्टोबर २००७

प्रिय फ्रान्सिस,

माझं अक्षर पाहून तू आधी दचकशील, हे मला माहीत आहे. आपल्या वयात पत्र आलं की माणूस आधी शेवटची ओळ वाचतो. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, इथे सगळे धडधाकट आहेत. वसुंधराचे गुडघे कुरकुरतात, पण ते तू इथे होतास तेव्हाही कुरकुरत होते. कौस्तुभचं लग्न ठरल्याचं तुला फोनवर कळवलंच आहे, आणि नाताळाला तू मेलबर्नहून येणार, लग्न उरकूनच परत जाणार, हेही ठरलेलं आहे. मग पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. अरे, फोन आमच्या हॉलमध्ये आहे. हॉलमध्ये बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि मला जे विचारायचंय ते स्वयंपाकघरात पोचून चालणार नाही. शिवाय मी पुरता गोंधळलोय. गोंधळलेला माणूस फोनवर नुसता 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' करत बसतो. कागदावर निदान खोडता तरी येतं.

मुलगी गोड आहे. क्षितिजा तिचं नाव. तुमच्याच बाजूची, वसईतली. वडिलांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे, आणि तू त्यांना नक्की ओळखत असणार, कारण तुम्ही वाडीवाले एकमेकांनाच काय, एकमेकांच्या विहिरींनाही ओळखता. ही आणि कौस्तुभ अंधेरीला एकाच ऑफिसात आहेत. वर्षभर शेजारशेजारच्या टेबलांवर बसून एकमेकांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं म्हणे. मग एक दिवस हिचा मोबाइल वाजला आणि आमचे चिरंजीव खुर्चीतून उठून उभे राहिले. रिंग होती 'सॉल्टपॅन'च्या गाण्याची. तुझ्या पुतण्याच्या, कॉन्रॅडच्या बँडची! चार वसईकर पोरं, एक कॅसेट, आणि मग एक जहाजावर गेला, एक दुबईला, कॉन्रॅड लग्नांत ड्रम वाजवायला लागला आणि बँड संपला. पण त्या कॅसेटनं आमच्या भिंती किती हादरवल्या ते तू स्वतः ऐकलं आहेस. खालच्या मजल्यावरून तक्रार आली की मी वर तोंड करून सांगायचो, आमच्याकडे नाही, वरच्यांकडे चाललंय. जगात ती कॅसेट पाठ असलेली माणसं मोजकीच असतील, आणि त्यातली दोघं नेमकी एका ऑफिसात निघाली.

क्षितिजा सॉल्टपॅनच्या त्या मोठ्या कार्यक्रमाला गेली होती. शहाण्णव सालचा, नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधला, तुमच्या चर्चशेजारच्या शाळेच्या मैदानावरचा. तिनं हे सांगितल्याबरोबर कौस्तुभ म्हणाला होता, मीपण होतो तिथे. कुठे उभा होतास? स्टेजच्या उजव्या हाताला, चिंचेखाली. ती डाव्या बाजूला होती, शाळेच्या नळाजवळ. मग त्या चपलेची गोष्ट निघाली. गर्दीतून कुणाचीतरी चप्पल उडून स्टेजवर पडली, आणि गिटार वाजवणाऱ्यानं ती न थांबता पायानं उचलून माइकच्या दांडीला अडकवली, आणि पुढची सगळी गाणी त्या चपलेच्या साक्षीनं झाली. ही गोष्ट दोघंही एकमेकांची वाक्यं तोडून सांगतात. आपण एकाच संध्याकाळी एकाच मैदानात होतो आणि एकमेकांना माहीत नव्हतो, याचं दोघांना केवढं अप्रूप आहे! त्या चपलेवर हे लग्न जुळलं म्हटलंस तरी चालेल.

फ्रान्सिस, कौस्तुभ तिथे नव्हता. तो इथे, आमच्या आतल्या खोलीत, कावीळ होऊन पडला होता. तिथे मी होतो. निदान गेल्या महिन्यापर्यंत मला तसं वाटत होतं.

मला जे आठवतं ते आधी लिहितो, म्हणजे तुला ताडून पाहता येईल. पोरगा बारावीत, डोळे हळदीसारखे, अंगात बसायची ताकद नाही, आणि कार्यक्रमाचा दिवस उगवलेला. त्यानं हट्ट धरला की बाबा, तुम्ही जा, सगळं बघून या आणि मला सांगा. आता दुसऱ्या कुणाच्या घरी बापानं हे हसण्यावारी नेलं असतं. पण हे त्याच्या डोक्यात मीच भरवलं होतं. आमच्या मालवणकडच्या वाडीत तशी रीत होती. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की दशावताराच्या खेळाला घरातलं एक माणूस मुद्दाम जायचं, ते स्वतःसाठी नाही. दुसऱ्या दिवशी आजाऱ्याच्या उशाशी बसून सगळा खेळ त्यानं करून दाखवायचा. आवाज काढून, हातवारे करून, गणपती येतो तिथपासून. माझी जिजाआते यात पटाईत होती. तर मी तुला ऑफिसात गाठलं, म्हटलं मला तुझ्या पुतण्याच्या गाण्याला ने, आणि तू माझ्याकडे असं पाहिलंस की मीच आजारी आहे.

मी चटई घेऊन आलो होतो. आठवतंय? दशावताराला जागा धरायची सवय. तुझ्या स्कूटरवर मागे, काखेत गुंडाळलेली चटई. तू काही बोलला नाहीस, हा तुझा मोठेपणा. चिंचेखाली मी ती अंथरली आणि ऐसपैस बसलो, आणि आजूबाजूला सगळी पोरंपोरी उभी. ती मला वळसा घालून जायची. एकानं तर वाकून नमस्कारच केला. मग स्टेजवर तुझा कॉन्रॅड आला, एकच ढोल धप्प-धप्प वाजवत राहिला, मग दुसरा ढोल, मग थाळी. मग जाड गिटारवाला आला, त्यानं एक तार छेडली आणि बराच वेळ तीच छेडत राहिला. एकेक वाद्य एकेकटं येत होतं आणि माघारी जात होतं. मी मनात म्हटलं, वा, यांच्यातही आहे! आमच्याकडे गणपतीचा प्रवेश व्हायच्या आधी पेटी आणि मृदंग असेच घुमत राहतात. मी सगळं मन लावून ऐकलं, आणि संपल्यावर मोकळ्या मनानं टाळ्या वाजवल्या. पुढची पोरं वळून बघायला लागली, मग त्यांनीही वाजवल्या. तू तोंडावर रुमाल धरलास. मला वाटलं धूळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि खेळ लावला. परात, पातेली, इडलीचं भांडं, दोन लाटणी. कौस्तुभ काळा शर्ट घालून अंथरुणात, कारण सॉल्टपॅनचे सगळे चाहते काळा शर्ट घालतात म्हणे, आणि हा घरातला चाहता का मागे राहील. वसुंधरा दारात उभी राहून म्हणत होती की एकाला कावीळ झालीय आणि दुसऱ्याला वेड लागलंय. मी चप्पल दाखवली, गिटारवाल्याची मान दाखवली, तुमच्या घरच्या बोलीतलं ते रहाटाचं गाणं एक अक्षर न कळता म्हणून दाखवलं. पहिल्यांदा हसला त्या आजारात. मग रोजच मागणी व्हायला लागली, कामावरून येऊन मी आधी इडलीचं भांडं काढायचो. त्यातही त्याला सगळ्यांत आवडायची ती सुरुवात. बाबा, ती बिनशब्दांची सुरुवात परत करा.

आता गेल्या महिन्यातला रविवार. क्षितिजा आमच्याकडे जेवायला आली होती. वसुंधरानं वडे आणि कोंबडीचा रस्सा केला होता, त्यामुळे घर प्रसन्न होतं. जेवताना विषय निघाला आणि कौस्तुभ आम्हांला तो कार्यक्रम सांगायला लागला. आम्हांला, फ्रान्सिस! मी वडा हातात धरून ऐकत होतो. शब्द माझे होते, हात फिरवायची पद्धत माझी होती, गिटारवाल्याची मान तर थेट मी करायचो तशी. मग त्यानं सुरुवात सांगितली. ते लोक आधी एक बिनशब्दांचा तुकडा वाजवायचे, एकेक वाद्य एकेकटं यायचं, असं कुणी तोवर केलंच नव्हतं, कॅसेटवरही नाही, ते फक्त तिथे हजर असलेल्यांनाच माहीत. क्षितिजा आठवायला लागली. तिला काही आठवेना. ती तर लवकर येऊन उभी होती. मग ती हसली आणि म्हणाली, "अरे, ते साउंड चेक असेल. तू साउंड चेकला टाळ्या वाजवल्यास?"

हे असं मला कळलं. म्हणजे गाणी सुरू करण्याआधी वाद्यं आणि माइक नीट चालताहेत का ते बघतात, आणि ते ऐकायचं नसतं. तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस रे? इतकी वर्षं एका कॅन्टीनमध्ये जेवलो, एकदाही नाही! पण ते राहू दे. क्षितिजाच्या प्रश्नावर कौस्तुभनं माझ्याकडे पाहिलं. की माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मला सांगता यायचं नाही. मग हसून म्हणाला, "फ्रान्सिस अंकल होते माझ्याबरोबर. लग्नाला येतायत, त्यांनाच विचारू." आणि रस्सा वाढून घेतला.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आधी मला राग आला, खोटं कशाला सांगत नाही. बाप चटई घेऊन पोराटोरांत बसला, आणि गोष्टीतून बापच गायब. मग वाटलं, पोरगी पटवायला थाप मारली असेल, त्या वयात सगळेच मारतात. पण थाप मारणारा माणूस बापासमोर, बापाच्याच हातवाऱ्यांनी थाप मारेल? आणि आपल्याला माहीत असलेली थाप खरी करायला तुझ्यासारख्या देवभोळ्या माणसाला साक्षीला बोलावेल? त्याला खरंच वाटतंय, फ्रान्सिस. त्याला ते मैदान दिसतं. आणि हे लक्षात आल्यावर मला जो आनंद झाला त्याचं काय करावं ते मला कळत नाही. माझा खेळ इतका रंगला होता! पण मग त्यानं माझ्याकडे असं का पाहिलं?

रात्रीपर्यंत धीर निघेना, म्हणून ती पोरं गेल्यागेल्या मी वसुंधराला विचारलं. ती भांडी पुसत होती. तुला आठवतंय ना, कार्यक्रमाला मी गेलो होतो. ती म्हणाली, तुम्ही कुठले? कौस्तुभच गेला होता, काळा शर्ट मी स्वतः इस्त्री करून दिला होता. मी म्हटलं, शर्ट इस्त्री केलास, बरोबर, पण तो घालून पोरगं अंथरुणात पडलं होतं. नाही म्हणाली. तुमची पाठ धरली होती, तुम्ही घरी होतात. आणि कावीळ? कावीळ नंतरची. आणि तेवढी काही नव्हतीच, म्हणाली, उगीच तुम्ही घाबरला होतात. इतक्या शांतपणे म्हणाली की मी पुसलेली भांडी फडताळात लावायला घेतली.

आता तूच सांग, एका घरातली तीन माणसं, त्यातली दोघं एक सांगताहेत आणि तिसरा म्हातारा दुसरंच सांगतोय. तू असतास तर कुणाचं ऐकलं असतंस? त्यात माझी स्वतःची एक अडचण आहे. लहानपणी मला गोवर आला होता तेव्हाचा एक दशावतार मला लख्ख आठवतो. काळा संकासुर उडी मारून येतो, त्याची लाल जीभ, पेट्रोमॅक्सभोवती फिरणारे किडे, मांडी घालून बसलेल्या बायका. मी कॉलेजात जाईपर्यंत मी तो पाहिला असंच सगळ्यांना सांगत होतो. मग एकदा आई म्हणाली, वेड्या, तू तर घोंगडीखाली होतास, तुला जिजानं सांगितलाय तो. तिचं खरं असणार. पण मला आजही संकासुर दिसतो, जिजाआते दिसत नाही. मग मला वाटायला लागलं, आपल्या बाबतीतही तसंच नसेल कशावरून? कौस्तुभला तू नेलं असशील. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन तूच सगळं रंगवून सांगितलं असशील, चटईचा विनोद माझ्या गळ्यात मारून. तू सांगतोसही छान. आणि मी, पाठीला शेक घेत, ऐकत असेन. हे मनात आलं तेव्हा मी बाजारात उभा होतो, हातात कोथिंबिरीची जुडी होती, आणि मला खरंच भोवळ आली. भाजीवाली शकू ओळखीची आहे, तिनं आपल्या पाटावर बसवलं. तिला वाटलं उन्हानं झालं.

पण एक गोष्ट आहे, फ्रान्सिस, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. इडलीचं भांडं घेऊन खेळ केला त्यातही नाही. कौस्तुभ त्या रविवारी सगळं सांगत होता तेव्हा मी कान देऊन ऐकत होतो की ती येते का. नाही आली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी मला एकट्याला दवाखान्याच्या जिन्यात नेलं आणि सांगितलं की कावीळ उतरत नाहीय, चढतेय, अशीच चढली तर मुंबईला हलवावं लागेल, आणि मग त्यांनाही काही सांगता येणार नाही. वसुंधराला हे सांगायची माझी छाती झाली नाही. पोराच्या उशाशी बसायची तर मुळीच नाही. तो जा जा म्हणत होता आणि मीही जायला टपलो होतो, हे खरं. मैदानावर मी हसत होतो, टाळ्या वाजवत होतो, सगळं डोळ्यांत भरून घेत होतो. मग शेवटी शेवटी सगळे एकदम वाजवायला लागले, गिटारी, ढोल, आणि शेकडो पोरं गळा फाडून ओरडत होती, कानावर हात ठेवले तरी छातीत वाजत होतं. तेव्हा मी चटईवर उभा राहिलो आणि मोठ्यानं रडलो. हुंदके नाहीत, भोकाड पसरून, लहान पोर पसरतं तसं. त्याचं नाव घेऊन. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. घरात, ऑफिसात, देवळात, कुठेच मला असं रडता आलं नसतं. तू शेजारी होतास. तू स्टेजकडेच बघत राहिलास, माझ्याकडे वळला नाहीस. निघताना चटई तू गुंडाळलीस.

हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. लग्नात किंवा आदल्या दिवशी मेंदीला, ती दोघं तुला घेरतील आणि विचारतील. तू हो म्हण. कौस्तुभच होता माझ्याबरोबर, चिंचेखाली उभा होता, आणि सुरुवातीला ती बिनशब्दांची धून वाजली होती म्हणून ठोकून दे. कॉन्रॅडलाही सांगून ठेव, ढोलकऱ्याच्या शब्दापुढे क्षितिजा काय बोलणार. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. नंतर कन्फेशनला जाऊन माझं नाव सांग, पाद्री मला ओळखतात, समजून घेतील. आमच्या घरात दोघांनी मिळून त्या आजाराच्या जागी एक गाण्याची संध्याकाळ आणून ठेवलीय. वसुंधराला तो इस्त्री केलेल्या काळ्या शर्टात मैदानावर दिसतो, कौस्तुभ स्वतःला चिंचेखाली दिसतो. तसाच असू दे. पण मला मात्र खरं कळव. तुझी पत्रं वसुंधरा आधी उघडते, तेव्हा तिथली हवा, नातवंडं, तुझी गुडघेदुखी, सगळं नेहमीसारखं भरपूर लिही, आणि शेवटी सहीखाली नुसतं 'हो' लिही. मी तिथे रडलो होतो, एवढंच मला समजायचंय.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
श्रीरंग